सणासुदीत घर विकायला काढताना : रंग, तोरण, ओल आणि कागद

मृदगंध – १० ऑगस्ट २०२५, सकाळी १०:४२

नमस्कार मंडळी,

कोथरूडला पौड रस्त्यापासून आत आईबाबांचा २ बीएचके फ्लॅट आहे. इमारत १९९४ची, तिसरा मजला, लिफ्ट आहे. बाबा गेल्यापासून आई माझ्याकडे ठाण्यालाच असते आणि आता आम्ही तो फ्लॅट विकायचं ठरवलं आहे. एजंट म्हणतो, दसरा-दिवाळी हाच खरा हंगाम, गणपती झाले की लगेच घर दाखवायला काढा. यंदा गणपती २७ ऑगस्टला, दसरा २ ऑक्टोबरला. म्हणजे हातात वेळ फार नाही.

घर तयार कसं करायचं यावर मात्र घरातच दोन मतं आहेत. आईचं म्हणणं, सणाचे दिवस आहेत तर घर सणाचंच दिसावं : दाराला तोरण, उंबऱ्यावर रांगोळी, गॅलरीत आकाशकंदील, देव्हाऱ्यात दिवा. एजंट म्हणतो, सगळं सामान हलवा, भिंतींना पांढरा रंग मारा आणि रिकामं घर दाखवा. हॉलच्या पश्चिमेकडच्या भिंतीला खिडकीखाली ओल आली आहे, रंगाचे पोपडे निघालेत. त्याला रंगारी म्हणतो, "पुट्टी मारून देतो, दिसणार नाही."

मला स्वतःला आईचं पटतं. घरात माणसं राहतात असं वाटलं की बघायला येणाराही थोडा रेंगाळतो. तुमचे अनुभव सांगा. पूर्ण घराला रंग द्यावा का? गणपतीत घर दाखवावं का? पितृपक्षात काय करायचं?

---

कर्वेरोडवाला – १० ऑगस्ट, ११:१५

पितृपक्षात कोणी टोकन देत नाही. यंदा ८ ते २१ सप्टेंबर. ते दिवस सोडून द्या आणि २२ला घटस्थापनेपासून जोर लावा. दसरा साडेतीन मुहूर्तांपैकी एक, लोक त्याच दिवशी इसार द्यायला बघतात.

---

चिवडा – १० ऑगस्ट, ११:३१

गणपतीत घर दाखवणार असाल आणि आलेल्यांना उकडीचे मोदक मिळणार असतील, तर मला कोथरूडमध्ये २ बीएचके घ्यायचाच आहे असं समजा. दहाही दिवस येईन.

---

ओलावा – १० ऑगस्ट, दुपारी २:०८

मी सिव्हिल इंजिनिअर, आता निवृत्त. तोरण-कंदिलाचं नंतर बघू, आधी त्या भिंतीकडे बघा.

"पुट्टी मारून देतो, दिसणार नाही" असं म्हणणाऱ्या रंगाऱ्याला आत्ताच नाही म्हणा. ओल्या भिंतीवर पुट्टी टिकत नाही. पाणी आतून येत राहतं, सोबत प्लॅस्टरमधले क्षार बाहेर येतात, पांढरी पूड जमते आणि रंग पुन्हा फुगतो. हे दिवाळीच्या आतच होईल. घर घेणाऱ्याने टोकन दिलेलं असेल आणि करारनामा व्हायचा असेल, नेमक्या त्याच वेळी. मग त्याला भिंतीची नाही, तुमची शंका येते.

आधी पाणी कुठून येतंय ते शोधा. साधी परीक्षा सांगतो. त्या जागेवरचे पोपडे खरवडून भिंत पुसून घ्या. साधारण फूटभर चौकोनी जाड प्लॅस्टिक चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून घट्ट बसवा आणि दोन दिवस तसंच राहू द्या. पाणी प्लॅस्टिकच्या भिंतीकडच्या बाजूला जमलं तर ओल भिंतीतून येते. खोलीकडच्या बाजूला जमलं तर हवेतला दमटपणा आहे, खोली बंद असल्यामुळे. तुमचं घर बंद आहे, त्यामुळे थोडं दोन्ही असू शकेल. पण खिडकीखाली आणि पश्चिमेला म्हटल्यावर माझा पहिला संशय खिडकीच्या चौकटीवर आणि बाहेरच्या प्लॅस्टरच्या भेगेवर. आपल्याकडे पावसाचा मारा त्याच बाजूने असतो. खिडकीच्या खालच्या दगडाचा उतार आत झाला असेल किंवा चौकटीभोवतीचं सीलंट सुटलं असेल तर नेमकी अशीच ओल येते.

दुसरं म्हणजे, बाहेरच्या भिंतीतून येणारी गळती दुरुस्त करणं हे आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायट्यांच्या मॉडेल बाय-लॉजप्रमाणे) सोसायटीचं काम आहे, खर्च सोसायटीचा. तुमच्या संडास-बाथरूममधली किंवा सिंकची गळती असेल तर तुमचा. आजच सेक्रेटरींना लेखी अर्ज द्या, पोच घ्या. भर पावसात बाहेरून झुला लावून काम होणार नाही, पण चौकटीचं सीलंट उघडीप बघून करता येतं.

---

सुमेधा_नाशिक – १० ऑगस्ट, संध्या. ६:२०

ओलावा काका, प्लॅस्टिकचा प्रयोग मीही करून बघणार, आमच्या मागच्या खोलीत.

मृदगंध, आम्ही मागच्या वर्षी नाशिकला कॉलेज रोडचं सासऱ्यांचं घर नवरात्रात विकायला काढलं होतं. माझा अनुभव तुमच्या आई आणि एजंट या दोघांच्या मधला आहे.

सण असला की आपण घरात वस्तू वाढवतो, आणि घर दाखवायचं असतं तेव्हा वस्तू कमी करायच्या असतात. खरा पेच इथे आहे. पण आपल्याकडे त्यावर उपायही सणातच आहे. घट बसायच्या आधी आपण घर काढतोच ना? माळे उतरवतो, जाळ्या-जळमटं काढतो, पांघरुणं धुतो, डबे घासतो. ती साफसफाई यंदा विकण्याच्या हेतूने करा. माळ्यावरची पितळी भांडी, जुन्या गाद्यांचा कापूस, मोडकी खुर्ची, बाबांच्या फायली हे सगळं एकदा खाली आणा आणि माळा रिकामा ठेवा. बघायला येणारे माळा उघडून बघतात. रिकामा दिसला की घर मोठं वाटतं, भरलेला दिसला की "इथे जागा पुरत नाही" असंच मनात येतं.

तोरण लावा. रांगोळी छोटी, बाजूला काढा, उंबऱ्यावर नको. लोक चपला काढताना गोंधळतात, कोणाचा पाय पडला की त्यांनाच अपराधी वाटतं. लाइटच्या माळा मात्र नकोत. आमच्याकडे एक्स्टेन्शन बोर्ड बघून एका गृहस्थांनी लगेच विचारलं, "हॉलमध्ये प्लगपॉइंट कमी आहेत का?" आणि खरंच कमी होते.

---

निवृत्त_मास्तर – ११ ऑगस्ट, सकाळी ७:५०

पितृपक्षाबद्दल इतक्या सहज "ते दिवस सोडून द्या" म्हणू नये. त्या पंधरवड्यात नवी खरेदी टाळायची प्रथा आहे. पण घर झाडणं, गळका नळ बदलणं, कागद काढणं यात अशुभ ते काय? उलट पूर्वजांनी कष्टाने घेतलेली वास्तू नीट करून पुढच्याच्या हाती द्यायची, तर त्याला याहून योग्य दिवस कोणते?

---

ओलावा – ११ ऑगस्ट, ८:३५

मास्तरांशी शंभर टक्के सहमत, आणि व्यवहाराच्या बाजूनेही सांगतो. पितृपक्षात प्लंबर, रंगारी, सुतार मोकळे मिळतात. घटस्थापनेनंतर दिवाळीपर्यंत त्यांचा फोन लागत नाही. लक्ष्मीपूजनाच्या आसपास बरेच कारागीर छठसाठी गावी निघून जातात, ते परतेपर्यंत अर्धवट काम तसंच पडून राहतं. शिवाय पावसाळी हवेत पुट्टी सुकायला जास्त वेळ लागतो. एक हात मारून दुसऱ्या दिवशी घासायला घेतात, तसं करू देऊ नका.

---

कर्वेरोडवाला – ११ ऑगस्ट, ९:१०

मास्तर, मान्य. मी टोकनबद्दल बोलत होतो, कामाबद्दल नाही.

पण मूळ प्रश्नालाच माझा वेगळा आक्षेप आहे. १९९४ची इमारत, कोथरूड, वनाझची मेट्रो जवळ. अशा ठिकाणी घेणारा भिंतीचा रंग बघत नाही, पुनर्विकास कधी होणार ते बघतो. आमच्या गल्लीतल्या निम्म्या सोसायट्यांत तीच चर्चा आहे. तुमच्या सोसायटीत काय चाललंय? ठराव झाला आहे का, वास्तुविशारद नेमला आहे का? तसं असेल तर रंगावर खर्च करूच नका. पुढे पाडायच्याच भिंती आहेत.

---

सुमेधा_नाशिक – ११ ऑगस्ट, ९:४४

कर्वेरोडवाले दादा, पुनर्विकासाची वाट बघणारा गुंतवणूकदार वेगळा आणि उद्यापासून पोराबाळांसह राहायला येणारा वेगळा. दुसऱ्याला भिंत दिसते. आणि सोसायटीत नुसती चर्चा असेल तर ती वर्षानुवर्षं चालते, तोवर राहायचं त्याच भिंतींत.

---

दस्तऐवज – ११ ऑगस्ट, दुपारी १:२५

मी वकिलांच्या कार्यालयात मालमत्तेच्या नोंदणीचं काम करते. मृदगंध ताई, तुमच्या पोस्टमध्ये रंग आहे, तोरण आहे, आकाशकंदील आहे. कागदांचा एक शब्दही नाही. सणासुदीत ठरलेले जे व्यवहार माझ्यासमोर फिसकटतात, ते जवळजवळ सगळे कागदांवरून फिसकटतात.

"बाबा गेल्यापासून" असं तुम्ही लिहिलं आहे. फ्लॅट कोणाच्या नावावर होता? एकट्या बाबांच्या असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर आई, तुम्ही आणि भावंडं असतील तर ती, असे सगळे वारस सारख्या वाट्याचे मालक. आजी हयात असतील तर त्याही. सोसायटीत आईचं नॉमिनेशन आहे म्हणून आई एकट्या मालक होत नाहीत. हा गैरसमज फार घरांत असतो, आणि घेणाऱ्याच्या बँकेचा वकील पहिल्याच दिवशी तो दूर करतो.

दोन मार्ग आहेत. सगळ्या वारसांनी विक्रीच्या करारनाम्यावर सह्या करायच्या, किंवा बाकीच्यांनी आईच्या नावे नोंदणीकृत हक्कसोडपत्र, म्हणजे आपला वाटा सोडल्याचा दस्त, करून द्यायचं आणि मग आईंनी एकट्याने विकायचं. दुसरा मार्ग घेणाऱ्याला समजायला सोपा जातो.

शिवाय हे सगळं आत्ताच एका फायलीत काढून ठेवा : बिल्डरशी झालेला मूळ करारनामा आणि त्याची नोंदणीची पावती, इंडेक्स टू (नोंदलेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा), भागपत्र म्हणजे शेअर सर्टिफिकेट, भोगवटा प्रमाणपत्राची प्रत, महापालिकेची मिळकतकराची चालू पावती, महावितरणचं बिल, सोसायटीचं थकबाकी नसल्याचं पत्र, बाबांचं मृत्यू प्रमाणपत्र. कधीकाळी कर्ज घेतलं असेल तर ते फिटल्याचं बँकेचं पत्रही. मूळ करारनामा सापडत नसेल तर पोलिसांत तक्रार, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस आणि दुय्यम निबंधक कार्यालयातून प्रमाणित नक्कल, एवढं करावं लागतं. त्याला वेळ जातो.

सोसायटी हस्तांतरणासाठी हवी तेवढी रक्कम मागू शकत नाही, हेही लक्षात असू द्या. महापालिका हद्दीत हस्तांतरण अधिमूल्याची (ट्रान्सफर प्रीमियमची) कमाल मर्यादा २५,००० रुपये आहे. "सोसायटी विकास निधी" म्हणून वर मागितलं तर लेखी मागा म्हणावं.

---

मृदगंध – ११ ऑगस्ट, रात्री ९:३०

सगळ्यांचे खूप आभार. दस्तऐवज ताई, तुमचं उत्तर मी आईला मोठ्याने वाचून दाखवलं.

फ्लॅट एकट्या बाबांच्या नावावर होता, मृत्युपत्र नाही, आजी नाहीत. नॉमिनेशन आईचं. मी आणि धाकटा भाऊ. तो टोरांटोला असतो, दिवाळीला यायचं म्हणतोय. सोसायटीत पुनर्विकासाची चर्चा आहे, ठराव काहीच नाही. सोसायटीला गळतीचा अर्ज देत आहे.

भाऊ येईपर्यंत थांबायचं का?

---

मेपल_पान – ११ ऑगस्ट, रात्री ११:५५

मी टोरांटोजवळच्या मिसिसागाची. थांबू नका, तुमच्या भावाला इथूनही करता येईल. त्याला फक्त सांगा की दिवाळीत इथे भारतीय वकिलातीच्या वेळा सांभाळाव्या लागतात, आधीच वेळ घ्यावी.

आणि तो येणार नसेल तर फराळ पाठवणार का? इकडे आम्ही कुरिअरच्या डब्याची वाट बघत बसतो. मागच्या वर्षी माझ्या अनारशांचा भुगा झाला होता, पण शंकरपाळे शाबूत.

---

चिवडा – १२ ऑगस्ट, ८:०५

मेपल ताई, भुगा झालेले अनारसे दुधात घालून खा, लागतात छान. चिवडा तर कधीच मोडत नाही, म्हणून मी हे नाव घेतलं.

---

मेपल_पान – १२ ऑगस्ट, ८:४०

@चिवडा, यंदा तसंच करून बघते. :)

---

दस्तऐवज – १२ ऑगस्ट, १०:१५

फराळाच्या गाडीतून परत रुळावर येते.

भाऊ दिवाळीत नक्की येत असेल तर हक्कसोडपत्र त्याच वेळी समक्ष करणं सगळ्यात सोपं. नसेल तर त्याने तिकडे कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अॅटर्नी) करून भारतीय वकिलातीत साक्षांकित करून घ्यावं आणि मूळ प्रत पाठवावी. ते महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर इथलं मुद्रांक शुल्क भरावं लागतं. मुखत्यारपत्रात "हक्कसोडपत्र करून देणे व नोंदणी करणे" असा स्पष्ट अधिकार हवा. नुसतं "फ्लॅटची देखभाल" लिहिलेलं कामाचं नाही.

करारनामा सह्या झाल्यापासून चार महिन्यांत नोंदवता येतो. त्यामुळे दसऱ्याला टोकन आणि दिवाळीनंतर नोंदणी हे वेळापत्रक अगदी जमण्यासारखं आहे. फक्त टोकन घेताना इसारपावतीत लिहा की हक्कसोडपत्र अमुक तारखेपर्यंत होईल, नाही झालं तर रक्कम परत. घेणाऱ्यापासून काही लपवू नका.

---

वऱ्हाडी_पाहुणा – १३ ऑगस्ट, रात्री १०:२०

मी नागपूरचा, सध्या पुण्यात नोकरीला, आणि यंदा घर *घेणारा* आहे. कोथरूड, कर्वेनगर, वारजे असं फिरतोय. दुसऱ्या बाजूने लिहितो.

दसऱ्याच्या दिवसांत माझ्यासमोर दोन प्रकारची घरं असतात. एकीकडे नव्या प्रकल्पांच्या जाहिराती : मुद्रांक शुल्क आमच्याकडे, मॉड्युलर किचन फुकट, सोन्याचं नाणं. दुसरीकडे तुमच्यासारखं जुनं घर. नव्या बांधकामावर ५ टक्के जीएसटी लागतो, परवडणाऱ्या घरांना १ टक्का. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या किंवा जुन्या घरावर काहीच नाही. पुण्यात पुरुषाच्या नावावर घ्यायचं तर मुद्रांक शुल्क ७ टक्के, बाईच्या नावावर एक टक्का कमी, वर नोंदणी फी जास्तीत जास्त ३०,०००. हिशेब मांडला की जुनं घर जमतं, म्हणून मी जुनंच शोधतोय. मला चमचमाट नको, तो बिल्डरच्या ऑफिसात भरपूर आहे.

मग मी काय बघतो? नळ सोडून बघतो, फ्लश दाबून बघतो. बाथरूमचा दरवाजा खालून कुजला आहे का ते बघतो. खिडक्या उघडतात का. गॅलरीत कबुतरांची घाण आहे का. सकाळी पाणी किती वेळ येतं ते शेजाऱ्यांना विचारतो. पार्किंग सोसायटीने नेमून दिलं आहे की तोंडी आहे. आणि एकाच भिंतीला ताजा रंग दिसला की त्या भिंतीवर हात ठेवून उभा राहतो. एका घरी कापूर-धूप इतका लावला होता की मला कुबट वासाचीच शंका आली, बायको तर जिन्यातूनच परत फिरली.

गणपतीत घर दाखवू नका, ही माझी विनंती. एका ठिकाणी आम्ही गेलो तेव्हा आरती चालू होती. घरचे लोक अवघडले, आम्ही अवघडलो, प्रसाद घेतला आणि स्वयंपाकघर न बघताच आलो.

---

सुमेधा_नाशिक – १४ ऑगस्ट, ९:०५

वऱ्हाडी भाऊ, हे एजंटने सांगायला हवं होतं, तुम्ही सांगितलंत. धूपाचं अगदी खरं. चार दिवस आधीपासून खिडक्या उघड्या ठेवाव्यात, बस.

---

जमाखर्च – १४ ऑगस्ट, दुपारी ३:४०

करसल्लागार आहे, थोडक्यात लिहितो.

विक्रीच्या नफ्यावरचा कर काढताना वारसाने आलेल्या घराला वडिलांची खरेदीची किंमत आणि तारीख धरतात. १९९४चं घर असल्यामुळे १ एप्रिल २००१ची बाजारभावाची किंमत धरता येते. त्यासाठी नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल आत्ताच घ्या. भारतात राहणाऱ्या व्यक्तीला २३ जुलै २०२४पूर्वी घेतलेल्या घरावर दोन पर्याय आहेत : महागाई निर्देशांकाशिवाय (खरेदीची किंमत महागाईप्रमाणे वाढवून न धरता) १२.५ टक्के किंवा निर्देशांकासह २० टक्के, ज्यात कर कमी बसेल तो. एजंटचं कमिशन वजा होतं. विक्रीसाठी मारलेला रंग "सुधारणा" म्हणून सहसा धरला जात नाही, तेव्हा "सगळा खर्च टॅक्समधून निघेल" असं रंगारी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका.

किंमत ५० लाख किंवा जास्त असली की घेणारा १ टक्का टीडीएस कापतो. पण भाऊ अनिवासी आहे. तो स्वतः विकणाऱ्यांत असेल तर त्याच्या वाट्यावर टीडीएस बराच जास्त कापावा लागतो, आणि घेणारे याच गोष्टीला घाबरतात. दस्तऐवज ताईंनी सांगितलेला हक्कसोडपत्राचा मार्ग म्हणूनही बरा. भावाच्या वाट्याच्या पैशांचं मात्र कुटुंबात आधी बोलून घ्या.

---

निवृत्त_मास्तर – १५ ऑगस्ट, सकाळी ८:१०

मृदगंध, सगळे कागद आणि कर बोलून झाले. आता तुझ्या आईबद्दल लिहितो, कारण तिचं म्हणणं मागे पडलं आहे.

तोरण-रांगोळी हवी म्हणते ती घेणाऱ्यासाठी म्हणत नसावी. त्या घरातला हा तिचा शेवटचा सण आहे. तुम्ही ठाण्यात, भाऊ परदेशात. यंदा त्या घरात गणपती बसणार की नाही, हे कोणी तिला विचारलं का? माझं ऐक. यंदाचा गणपती कोथरूडच्याच घरात आणा. दीड दिवसाचा असला तरी चालेल. शेजारपाजारचे येतील, तिला निरोप घेता येईल. त्या दिवसांत एजंटला फिरकू देऊ नका. देव्हारा पितृपक्षाच्या आत ठाण्याला न्या, देव रिकाम्या घरात एकटे ठेवू नका. मग घर निर्धास्तपणे बघायला खुलं करा.

---

कर्वेरोडवाला – १५ ऑगस्ट, ८:३२

मास्तर, हे पटलं. रंगाबद्दलही मी थोडा मागे येतो. सोसायटीत ठराव नाही म्हणजे राहायला येणाराच घेईल.

---

मृदगंध – १५ ऑगस्ट, संध्या. ७:००

मास्तर, आईला विचारलं. ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "गौरीही बसवूया मग." गौरी-गणपती कोथरूडलाच करतोय. चिवडा, मोदकांना या, पण घर घेणारे म्हणून नको.

---

चिवडा – १५ ऑगस्ट, ७:०४

येतो! पंचखाद्य घेऊन येतो.

---

ओलावा – २४ सप्टेंबर, सकाळी ११:००

धागा वर काढतोय. मृदगंध, ओलीचं काय झालं? यंदा पाऊस जायचं नावच घेत नाही, त्यामुळे काळजी वाटली. सोमवारपासून सिमेंटवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आहे, सोसायटीला बाहेरच्या प्लॅस्टरचं काम काढायचं असेल तर तेही सांगा.

---

मृदगंध – ६ ऑक्टोबर, रात्री ९:१५

उशिरा लिहिते आहे, पण सविस्तर.

काका, प्लॅस्टिकच्या परीक्षेत पाणी भिंतीकडूनच आलं. खिडकीच्या चौकटीचं सीलंट तुटलं होतं. पितृपक्षात उघडीप बघून ते काम करून घेतलं, आतलं सुटलेलं प्लॅस्टर काढून नवीन केलं आणि त्या भिंतीला रंग लावलाच नाही. नुसतं कोरं प्लॅस्टर ठेवलं. शेजारच्या टेबलावर कामाची पावती आणि आधीचे फोटो. बाकी हॉलला आणि स्वयंपाकघराला रंग दिला, बेडरूम फक्त पुसून घेतल्या. बाहेरच्या प्लॅस्टरचं काम सोसायटीने पावसाळ्यानंतर करायचं लेखी दिलं आहे, तेही पत्र तिथेच ठेवलं.

एजंट सुरुवातीला नाराज होता : "ताई, ओल स्वतःहून कोण दाखवतं?" पण येणारा प्रत्येक जण त्या भिंतीपाशी थांबायचा, पावती वाचायचा आणि मग पुढचं बोलणं किमतीचं व्हायचं, भिंतीचं नाही. लपवून एवढं साधलं नसतं, हे मी अनुभवावरून सांगते.

सजावट म्हणाल तर दारावर झेंडूचं तोरण आणि आत एक समई, एवढंच. आकाशकंदील आईने ठाण्याला आणला. माळा रिकामा, गॅलरीची जाळी नवी, नळ सगळे बदलले.

दसऱ्याला टोकन घेतलं. राहायला येणारं कुटुंब आहे, आजी-आजोबांसह. इसारपावतीत हक्कसोडपत्राची अट लिहिली. भाऊ १५ला येतोय, मी आणि तो दोघं मिळून आईच्या नावे करून देणार. वऱ्हाडी दादा, तुम्हाला मिळालं का घर?

---

वऱ्हाडी_पाहुणा – ६ ऑक्टोबर, रात्री १०:०२

अभिनंदन ताई! कर्वेनगरला एक जमत आलंय, जुनंच. पाडव्याला करारनामा नोंदवावा अशी आईची फार इच्छा आहे. जमेल का?

---

दस्तऐवज – ७ ऑक्टोबर, सकाळी १०:३०

मृदगंध ताई, छान केलंत. हक्कसोडपत्राचा मसुदा भाऊ यायच्या आधी तयार ठेवा, म्हणजे त्याची सुट्टी सह्यांच्या रांगेत जाणार नाही. दोन साक्षीदार आणि सगळ्यांची ओळखपत्रं विसरू नका.

वऱ्हाडी दादा, २२ ऑक्टोबरला पाडव्याची सरकारी सुट्टी आहे, आदल्या दिवशी लक्ष्मीपूजनाचीही, त्यामुळे निबंधक कार्यालय बंद. मुहूर्त साधायचा तर पाडव्याला विक्रेत्याच्या घरी जाऊन इसार द्या, पेढे द्या, पावतीवर ती तारीख टाका. मुद्रांक शुल्काचं चलन ऑनलाइन भरता येतं. नोंदणीची वेळ दिवाळीच्या सुट्ट्यांनंतरची आजच घेऊन ठेवा, त्या आठवड्यात गर्दी असते.

---

वऱ्हाडी_पाहुणा – ७ ऑक्टोबर, १०:४१

आईला सांगतो. वेळ आत्ताच घेतो.